साबुदाण्याची गोणी

शेर जाऊन किलो आले, ती आमच्या सासूबाईंना सरकारची नव्हे, चाचांची चाल वाटली.

चाचा म्हणजे आमच्या आळीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानाचे मालक. वयस्कर कोकणी मुसलमान, अंगात नेहमी पांढरा सदरा, आणि आवाज इतका हलका, की भाव सांगत असले तरी ते आपली तब्येत विचारताहेत असं वाटावं. मी पनवेलला या घरात सून म्हणून आले त्याच्या कितीतरी आधीपासून महिन्याचं सामान त्यांच्याकडूनच येत असे. सासूबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून एकेक जिन्नस सांगत, चाचा कागदाचे पुडे बांधत, आणि शेवटी गुळाचा एक खडा न मागता वर ठेवत. दोघांचं कधी वाजलं नव्हतं.

पण आधी आण्यांचे नवे पैसे झाले, आणि त्याची जरा सवय होतेय तोच शेराचा किलो झाला. सासूबाईंचा हिशेब पक्का होता, पण तो पावशेर, अदपाव आणि छटाक यांचा. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे, इथपर्यंत त्या बिनतक्रार आल्या. एका आण्याचे मात्र सहा धरायचे की सव्वासहा, इथे त्यांचं बिनसलं. चाचा कधी सहा धरत, कधी सात. त्यांच्या मते ते शेवटी सारखंच पडत होतं. सासूबाईंच्या मते ते कधीच सारखं पडत नव्हतं.

एका दिवशी त्यांनी पायरीवरच विचारलं, "मधला पाव पैसा जातो कुठे?"

"वैनी, तो कुठेच जात नाही," चाचा म्हणाले. "तो नाहीच."

"नाही कसा? माझ्या आण्यात होता."

माझ्या मते याचं उत्तर तेव्हा देशात कुणाकडेच नव्हतं. चाचांनी नेहमीसारखा गुळाचा खडा पुढे केला, आणि तिथेच घात झाला. सासूबाई तो न घेता घरी आल्या. ज्याला फुकट गूळ द्यायला परवडतं तो कुठेतरी भरून काढत असणार, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं. इतकी वर्षं तोच गूळ त्यांनी निमूट खाल्ला होता, हे कुणी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. मी तर नवीनच होते.

त्यानंतर त्यांनी जो बेत आखला, तो कागदावर पाहिला असता तर निर्दोष वाटला असता. चाचा जिथून माल आणतात तिथूनच आपण आणायचा. मुंबईच्या मशीद बंदरातून. आपल्या एकट्या घराला एवढा माल लागत नाही, म्हणून शेजारच्या मास्तरीणबाई आणि पलीकडच्या काकू यांना सामील करून घ्यायचं. पहिली खेप तूरडाळीची. तांदूळ न्यायला पनवेलला येणाऱ्या लॉऱ्या मुंबईहून रिकाम्याच येत, तेव्हा भाडंही नाममात्र पडेल. मधला माणूस काढून टाकला की त्याचा नफा आपल्या डब्यात, असं त्या म्हणत. मास्तरीणबाईंना हे फार पटलं. काकूंना पटलं नव्हतं, पण त्यांचं सासूबाईंपुढे कधी काही चालत नसे.

प्रश्न होता जायचं कुणी. आमच्या यांनी लगेच रजा शिल्लक नसल्याचं सांगितलं. मग मामंजींचं नाव निघालं.

माझे सासरे मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. सरळ, शांत, थोडे बुजरे. त्यांच्या सहीशिवाय तालुक्यात एके काळी पान हलत नसे म्हणतात, पण बाजारात जाऊन त्यांनी कोथिंबिरीची जुडीही कधी आणली नव्हती. स्वतःच्या हाताने पैसे मोजून ते फक्त तपकीर विकत घेत. तरीही सासूबाईंनी त्यांनाच निवडलं. कोटटोपी घातलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी फसवत नाही, असा त्यांचा समज होता. शिवाय मशीद बंदरात बायकांनी जायचं नसतं, असंही त्या म्हणाल्या. ते कुणी ठरवलं होतं ते ठाऊक नाही.

दोन्ही घरांचे पैसे आले. आमच्या वाट्याचे सासूबाईंनी तांब्याच्या बंबासाठी बाजूला ठेवले होते त्यातून काढले. बंब जुना झाला होता, त्याला डाग देऊन देऊन कल्हईवालाही कंटाळला होता. पण डाळीत वाचेल त्यातून बंब येईलच, हे ठरलेलं होतं.

मामंजी चैत्रातल्या एका सकाळी कोट, टोपी आणि छत्री घेऊन एस.टी.त बसले आणि ठाण्यामार्गे मुंबईला गेले. संध्याकाळी परत आले. माल उद्या लॉरीने येतोय, एवढंच बोलले, आणि जेवण नको म्हणून आडवे झाले. प्रवासाने दमले असतील, असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी लॉरीवाल्याने गोणी आमच्या अंगणात उतरवली. मास्तरीणबाई आणि काकू घासून लख्ख केलेले डबे घेऊन उभ्याच होत्या. सासूबाईंनी गोणीवरून हात फिरवला आणि त्यांचा हात मध्येच थांबला. मग त्यांनी विळीने सुतळी कापली. आतून पांढरे शुभ्र दाणे घरंगळले आणि अंगणभर पसरले.

साबुदाणा होता. सबंध गोणी साबुदाण्याची.

मामंजी ओटीवर उभे होते. "फार स्वस्त मिळाला," ते म्हणाले.

यावर काय होईल याची मला धास्ती होती. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि सासूबाईंचा पट्टा सुटला की आळीच्या टोकापर्यंत ऐकू जातो हे मला एव्हाना कळलं होतं. पण त्यांनी मामंजींकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर खोचला, आणि शेजारणींना अगदी सहज आवाजात सांगितलं, "हा आमचा. मुद्दाम मागवला होता. तुमची डाळ या खेपेला चांगली नव्हती, म्हणून यांनी घेतली नाही."

मास्तरीणबाईंनी रिकामा डबा या हातातून त्या हातात घेतला. "एवढा साबुदाणा?"

"यंदा उपास आहेत आमच्याकडे," सासूबाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी दोघींचे पैसे परत केले. ते कुठून आले ते विचारायची गरज नव्हती. बंबाच्या पैशांतलं जे काही उरलं होतं तेही संपलं, आणि गोणी पुरती आमची झाली.

आता एकदा मुद्दाम मागवला म्हटल्यावर त्या साबुदाण्याला कारण लागणार होतं. आमच्या घरात तोवर एकादशी आणि चतुर्थी एवढंच पाळलं जाई, तेही फक्त सासूबाई पाळत. आता सोमवार आला. मग गुरुवार. शनिवार मारुतीचा म्हणून आला, आणि मंगळवार का आला ते मला अजून कळलेलं नाही. उपास सगळ्या घराचा होता. मी देशावरची, दोन वेळा भाकरी खाऊन वाढलेली. पनवेलला येऊन भातावर राहायला नुकती शिकत होते, तर भातही गेला. सकाळी खिचडी, संध्याकाळी साबुदाण्याची पेज, मधल्या वेळी थालीपीठ, तेही साबुदाण्याचंच.

हे डब्यात खिचडी घेऊन ऑफिसात जात. पहिल्या आठवड्यात तिथले लोक हसले. दुसऱ्या आठवड्यात हसायचे थांबले, कारण साहेबांच्या कानावर गेलं होतं. साहेब भाविक होते. त्यांनी यांना बोलावून घेतलं आणि तरुण पिढीत अशी निष्ठा राहिली नाही असं पाठीवर हात ठेवून सांगितलं. तेव्हापासून दर गुरुवारी साहेबांच्या बंगल्यावर भजनाला यांना बोलावणं येऊ लागलं. यांचा देवाधर्मावर काडीचा विश्वास नव्हता, आणि गळ्यात सूर तर त्याहूनही नव्हता. पण साहेबांना नाही कोण म्हणणार. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर हे टाळ कुटून येत आणि पाय धुऊन मुकाट्याने साबुदाण्याची पेज पीत.

सरपण घेऊन येणारी एक आगरी बाई होती. ती मोळी टाकून ओटीवर पाणी प्यायला बसत असे. आमच्याकडे रोज खिचडीचा वास येतोय हे तिच्या लक्षात आलं. तिने मला हळूच विचारलं, "बाय, येवढं उपास करता, घरान कोन आजारी हाय का?" मी नाही म्हटलं. तिला ते खरं वाटलं नाही. त्यानंतर ती मोळीच्या पैशांत घासाघीस करायची बंद झाली, आणि एकदा कुणाला लागली तर असूदे म्हणून कसलीतरी मुळी देऊन गेली.

खरं दुखणं वेगळंच होतं. साबुदाणा नुसता खाता येत नाही. त्याला शेंगदाण्याचं कूट लागतं, तूप लागतं, बटाटे, जिरं, मिरच्या लागतात. हे सगळं चाचांकडून आणायचं नाही असा सासूबाईंचा निश्चय होता. मग त्या तळ्याकडच्या वाटेने वळसा घालून बाजारपेठेच्या पार टोकाला असलेल्या दुसऱ्या दुकानात जात, म्हणजे चाचांच्या दुकानावरून जावं लागू नये. तो दुकानदार कुणाशी बोलत नसे. पैसे घेई, पुडा आपटे. तो एक शब्द गोड बोलत नाही म्हणून सासूबाईंना तो प्रामाणिक वाटे. शेंगदाणे खवट असत, तेही तो तितक्याच प्रामाणिकपणे देई.

महिना संपला तेव्हा खर्च नेहमीपेक्षा बराच वर गेला होता. मी भीत भीत म्हटलं, "आई, डाळतांदूळ घेतले असते तर यात भागलं असतं."

"उपासाचा खर्च घरखर्चात धरत नाहीत," त्या म्हणाल्या.

गोणी जेमतेम वीतभर खाली गेली होती, आणि पुढे पावसाळा उभा होता. पनवेलच्या पावसाळ्यात मीठ पाणी होतं आणि काडेपेटी उशाशी घेऊन झोपलं तरी सकाळी पेटत नाही. तिथे साबुदाण्याचा काय टिकाव लागणार? वैशाख लागल्यावर सासूबाईंनी दुसरा मार्ग काढला. पापड्या घालायच्या.

त्या वर्षी आमच्या अंगणात जे झालं त्याला घरगुती म्हणणं कठीण आहे. पहाटे चूल पेटे. भिजवलेला साबुदाणा मोठ्या पातेल्यात शिजून काचेसारखा झाला की सासूबाई पळीने घालायच्या आणि मी फिरवायची. पापड्या घालायला ओलं, स्वच्छ, मऊ कापड लागतं, आणि घरात असं कापड म्हणजे मामंजींची धोतरं. ती एकेक करून बाजांवर अंथरली गेली. मामंजींनी ती स्वतः आणून दिली. शेवटी अंगावर एक आणि वाळत एक एवढीच उरली. बाकी सगळ्यांवर पांढऱ्या गोल चकत्यांच्या ओळी होत्या.

कावळे आणि शेजारची शेळी यांच्यापासून राखण करायचं काम मामंजींकडे गेलं. ते सबंध दिवस अंगणात खुर्ची टाकून, एका हातात छत्री आणि एका हातात काठी घेऊन बसत. एके काळचे अव्वल कारकून. कचेरीतल्या जुन्या ओळखीच्यांपैकी कुणी रस्त्याने जाताना नमस्कार केला की काठीचा हात वर करून प्रतिनमस्कार करत, तेवढ्यात कावळा डाव साधे.

एका दुपारी मी त्यांना पन्हं द्यायला गेले. सासूबाई आत पडल्या होत्या. मामंजींनी पेला घेतला आणि पापड्यांकडे बघत म्हणाले, "सूनबाई, मला तिथे कुणी फसवलं नाही हो."

ते पुढे सांगत गेले. बाजारात पोचल्यावर त्यांना कळलं की डाळीचा भाव आळीत ऐकला होता त्याहून बराच चढला आहे. जवळच्या पैशांत गोणी येत नव्हती. अर्धी गोणी व्यापारी देईना. ते या पेढीवरून त्या पेढीवर हिंडले, सगळीकडे तेच. शेवटी एका व्यापाऱ्याने त्यांना बसवलं, पाणी दिलं, चहा मागवला, आणि एवढ्या पैशांत साबुदाण्याची गोणी मिळेल म्हणून सांगितलं.

"परत येऊन पैसे पुरले नाहीत म्हणून सांगायचं," मामंजी म्हणाले, "तर तिने तीन घरांचं ठरवलेलं. त्या दोघींसमोर तिचा हिशेब चुकला असं झालं असतं. त्यापेक्षा मी चुकलो ते बरं."

त्यांनी सासूबाईंचा हिशेब झाकला होता, सासूबाईंनी त्यांचा गाढवपणा झाकला होता, आणि त्यापायी आम्ही सगळे महिनाभर पेज पीत होतो. दोघांनी एकमेकांना एक शब्द विचारला असता तर एका संध्याकाळीच सगळं मिटलं असतं. पण त्या घरात तशी पद्धत नव्हती.

"आईंना सांगितलंत?" मी विचारलं.

"छे," ते म्हणाले, आणि शेळीवर काठी उगारली.

चाचांचं घर आमच्या मागच्या बाजूला होतं. दुपारी दुकान बंद करून जेवायला जाताना ते आमच्या कुंपणावरून जात. सासूबाईंनी त्यांच्या दुकानाची पायरी सोडली होती, तरी त्यांच्या वागण्यात फरक नव्हता. कुंपणाशी थांबून ते मामंजींना उन्हाचं सांभाळा म्हणत. मग थोडं बोलणं होऊ लागलं, पुढे चाचा फाटक उघडून आत येऊन आंब्याच्या सावलीत बसू लागले. दोघांना एकमेकांची सोबत आवडत होती असं मला वाटतं. एकाला कचेरीत आयुष्यभर कुणाचं ऐकून घ्यावं लागलं नव्हतं आणि दुसऱ्याने दुसरं काही केलं नव्हतं, तरी जमलं. सासूबाई त्या वेळेला मुद्दाम आत राहत. आतून खिडकीतून सगळं ऐकत.

एकदा मामंजींनी वाळलेल्या पापड्यांची एक ओंजळ कागदात बांधून चाचांना दिली. दोन दिवसांनी चाचा आले ते बसले नाहीत. घरी उरणचे पाहुणे आहेत, त्यांनी तळलेल्या पापड्या खाल्ल्या आणि आता जाताना न्यायला मागताहेत, तर एक डबा विकत मिळेल का, असं त्यांनी विचारलं.

मामंजींनी आत पाहिलं. सासूबाई दारात आल्या. चैत्रानंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होती.

"आम्ही विकत नाही," त्या म्हणाल्या. "हे दुकान नाही."

"ठीक आहे वैनी," चाचा त्याच हलक्या आवाजात म्हणाले, "विकत नको. मग उधार द्या."

सासूबाईंना विकायचं नव्हतं हे खरं, पण उधार नाकारायला त्यांच्याकडे कारणच नव्हतं. त्या घराने चाचांकडून इतकी वर्षं उधार आणलं होतं. त्यांनी मला डबा आणायला सांगितलं. शेराच्या जुन्या वजनाने स्वतः तोलून दिलं, आणि वर चार पापड्या जास्त टाकल्या. त्या का टाकल्या असं मी पुढे कधीतरी विचारलं, तर म्हणाल्या, आपलं देणं कमी पडलं असं कुणी म्हणायला नको. गुळाच्या खड्याचा विषय मी काढला नाही.

उधारी आली की वसुली आली. आठ-पंधरा दिवस सासूबाईंनी वाट पाहिली. चाचा रोज कुंपणावरून जात, मामंजींशी बोलत, पण पैशांचं नाव काढत नसत. सासूबाईंना ते सहन होईना. शेवटी एका सकाळी त्या मला बरोबर घेऊन निघाल्या. तळ्याच्या वाटेने नव्हे, सरळ आळीतून, आणि चाचांच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

चाचांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. आज रोख नाही, माल चालेल का, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंनी जरा विचार केल्यासारखं केलं.

"तूरडाळ द्या," त्या म्हणाल्या.

मग हिशेब सुरू झाला. पापड्या शेराने गेल्या होत्या, डाळ किलोने यायची होती. शेर मोठा की किलो, किती मोठा, आणि वरचा जो थोडा भाग राहतो तो कुणाच्या बाजूने धरायचा, यावर दोघं अर्धा तास बोलली. पाठीमागे गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी वरचं सगळं सासूबाईंच्या बाजूने पडलं. त्या दिवशी दशमान पद्धतीबद्दल त्यांचं मत बदललं. समजून घेतली तर सोपी आहे, असं त्या मास्तरीणबाईंना सांगू लागल्या.

घरी आल्यावर मी वरण केलं. मामंजींनी भातावर वरण घेतलं, तूप घेतलं, लिंबू पिळलं आणि पहिला घास तोंडात घालून डोळे मिटले. वार सोमवार होता. त्याची आठवण कुणी काढली नाही.

पुढचं सगळं आपोआप झालं. चाचांच्या पाहुण्यांनी आणखी पाहुण्यांना सांगितलं. एस.टी. स्टँडवर मुंबई-पुण्याच्या गाड्या थांबत, तिथल्या हॉटेलवाल्याने चाचांकडे तळायला पापड्या मागितल्या. पावसाच्या आधी आमची सगळी गोणी संपली, आणि तिच्याबरोबर मास्तरीणबाईंच्या आणि काकूंच्या हातच्या पापड्याही गेल्या, कारण शेवटी शेवटी त्याही पातेली घेऊन आमच्या अंगणात येऊ लागल्या होत्या. पुढच्या वर्षी चैत्रात साबुदाण्याची गोणी चाचांनीच आपल्या मालाबरोबर आणून आमच्या दारात टाकली. भाव सासूबाईंनी पाडून घेतला.

अशा प्रकारे मधला माणूस काढून टाकायला निघालेल्या आमच्या सासूबाई स्वतःच बाजारपेठेच्या मधोमध जाऊन बसल्या. त्यांनी हे कधी मान्य केलं नाही. त्यांच्या तोंडी धंदा हा शब्द कधी आला नाही. आमच्याकडे थोडी काटकसर चालते, असं त्या सांगत. काटकसरीतून नवा बंब आला, दोन वर्षांनी आमच्या मुलीच्या बारशाचा खर्च निघाला, आणि मामंजींना धोतरजोड्या मिळाल्या, कारण जुनी धोतरं पापड्यांनी कडक होऊन गेली होती. यांना मात्र भजनातून सुटका मिळाली ती साहेबांची बदली झाली तेव्हाच.

मामंजींना पुन्हा कधी बाजारात पाठवलं गेलं नाही. ते दर वैशाखात खुर्ची टाकून बसत. चाचा दुपारी येत, सावलीत टेकत, आणि आपल्याच दुकानात येणाऱ्या मालाच्या प्रतीबद्दल मामंजींचं मत घेत. मामंजी ते गंभीरपणे देत. सासूबाई आतून ऐकत, आणि चाचा निघून गेले की म्हणत, यांना त्यातलं काय कळतं. पण मुंबईला काय झालं होतं ते त्यांनी मामंजींना विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांना ठाऊक असावं असा मला संशय आहे. डाळीचा भाव त्या महिन्यात कुठे गेला होता हे पनवेलच्या बाजारात कुणीही सांगितलं असतं, आणि सासूबाई बाजारात कान उघडे ठेवून चालत.

असे चार-पाच उन्हाळे गेले. मग एका थंडीत मामंजी आजारी पडले. छातीत कफ साठला होता. मुंबईला न्यायचं ठरत होतं, तोवर सगळं संपलं. चाचा दुकान बंद करून स्मशानाच्या वाटेपर्यंत आले आणि परत जाताना आमच्या अंगणातल्या आंब्याखाली थोडा वेळ उभे राहिले.

त्या वर्षी चैत्र आला, वैशाख आला. सासूबाईंनी साबुदाण्याचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. धोतरं त्यांनी धुऊन, घड्या घालून, कुणाकुणाला देऊन टाकली होती. हॉटेलवाला चाचांकडे विचारत होता असं कानावर येत होतं, पण चाचांनी आमच्याकडे निरोप पाठवला नाही.

एका दुपारी मी आणि सासूबाई महिन्याचं सामान आणायला त्यांच्या दुकानात गेलो. ऊन इतकं होतं की पायरीचा दगड चपलेतून चटका देत होता. चाचा पुठ्ठ्याने वारा घेत बसले होते. त्यांनी सगळं सामान बांधलं, सुतळी तोडली, आणि मग बिचकत विचारलं, "वैनी, यंदा गोणी आणू?"

सासूबाईंनी दाराबाहेर पाहिलं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

"यंदा नको," त्या म्हणाल्या. "यंदा ऊन नाही तितकंसं."

चाचांनी खांद्यावरच्या रुमालाने कपाळ आणि मान पुसली.

"हो वैनी," ते म्हणाले. "नाहीच."

मी पिशवी उचलली आणि आम्ही घरी आलो.